कोळसा काढावा किती, राखावा किती?

वाटूरच्या वसंत व्याख्यानमालेत आम्ही कोळशाच्या खाणीतील खांबांवर बोलणार आहोत हे कळल्यावर एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "ज्या गावात कोळसा फक्त इस्त्रीवाल्याच्या गाड्यावर दिसतो, तिथे हा विषय कोणाला हवा?" आणि तो कोळसाही लोणारी, म्हणजे लाकडाचा. प्रश्न रास्त होता. आपल्या भागात विहीर खणू लागले की आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण; दगडी कोळशाची खाण या जिल्ह्यात नाही. परंतु परळी वैजनाथला १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्याचा दगडी कोळशाशी संबंध दिव्याच्या बटनाइतका जवळचा झाला. तो कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून येतो एवढे आपण पाहतो. तो जमिनीखालून काढताना वरची जमीन कशावर उभी राहते, हे मात्र पाहावयास मिळत नाही. ती ज्यावर उभी राहते त्या खांबांचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे.

खाण पाहिली नसली तरी वेरूळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. बारा क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला तीन ताल म्हणतात, साध्या चौकोनी खांबांच्या रांगा आहेत. ते खांब कोणी आणून उभे केलेले नाहीत. कारागिरांनी डोंगर पोखरला आणि जेवढे पोखरले नाही तेवढे खांब म्हणून उरले. भुयारी कोळसा खाणीची रीत नेमकी हीच आहे. कोळशाचा थर जमिनीखाली चटईसारखा पसरलेला असतो. त्यात आधी उभ्या आणि आडव्या गल्ल्या कोरतात, आणि गल्ल्यांमध्ये कोळशाचेच चौकोनी ठोकळे राखतात. आपल्या विदर्भातल्या खाणींत कामगार त्यांना पिलर आणि गॅलरी म्हणतात. आम्ही येथे खांब आणि गल्ली म्हणू. खांब हा शब्द ऐकून मात्र देवळाचा खांब डोळ्यांपुढे आणू नये. खाणीतला खांब वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि उंचीला जेमतेम तीन मीटर असू शकतो. एखाद्या मोठ्या वाड्याएवढी जागा व्यापणारा बुटका ठोकळा तो.

लेणे आणि खाण यांत दोन मोठे भेद आहेत. लेण्याचा दगड आपला काळा पाषाण आहे. तो भारी बळकट. घारापुरीच्या लेण्यात कित्येक खांब मोडले होते, ते पुढे नव्याने बांधले गेले. मधल्या काळात छत तसेच तरून राहिले. कोळसा असा नसतो. त्याला जन्मतःच चिरा असतात, हवेत उघडा पडला की तो कडेने सुटू लागतो, आणि वर पुष्कळदा वालुकाश्म व शेल यांचे थर असतात. दुसरा भेद हेतूचा. लेणे खोदणाऱ्याला पोकळी हवी होती, खाणवाल्याला हवा आहे तो माल, आणि खांब हा त्या मालाचाच बनलेला. एक मीटर अधिक राखला तर तेवढा कोळसा हातचा गेला. एक मीटर कमी राखला तर काय होईल, ते पुढे येईलच.

महाराष्ट्रातला दगडी कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात, कामठीच्या आसपास आणि उमरेडच्या बाजूस सापडतो. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. तिच्यासाठी त्या काळी रेल्वेचा फाटा टाकला होता. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, राजूर, सिल्लेवाडा, सावनेर ही नावे खाणींच्या नकाशावर आली. १९७२-७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपुरास स्थापन झाली. आज तिचा बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. उघड्या खाणीत खांबाचा प्रश्न नाही. वरचे सारे उपसून टाकले की झाले. पण थर खोल गेला, किंवा वर गाव, नदी, रेल्वे आली, की भुयाराखेरीज मार्ग नसतो.

आता बोजाचा हिशेब. तो अवघड नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या सुताराला तर तो पिढीजात ठाऊक आहे. मराठवाड्यात माळवदाची घरे खणांवर मोजतात. दोन खांबांमधला खण जेवढा रुंद, तेवढी माती प्रत्येक खांबाच्या वाट्याला अधिक येते. दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा अर्धा भार मधल्या खांबावर. खाणीतही हेच. खांबाच्या डोक्यावरचा खडक तर त्याचा आहेच, शिवाय भोवतालच्या चारही गल्ल्यांच्या अर्ध्या रुंदीवरचा खडकही त्याचाच. एक घनमीटर खडक सरासरी अडीच टन भरतो. थर दीडशे मीटर खोल असेल तर एका चौरस मीटरवर ३७५ टन झाले; दहा टन ऊस भरलेल्या सदतीस-अडतीस ट्रकांचा माल, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढ्याच जागेवर. हा गल्ल्या खणण्याआधीचा भार. गल्ल्या खणल्या की गल्लीवरचा भार खांबाकडे सरकतो.

खांब केवढा ठेवावा हे खाणमालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत त्याचा एक तक्ताच दिला होता, आणि २०१७ साली नवे विनियम आले. जुन्या तक्त्याची रचना मोठी समंजस आहे. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला गल्लीची रुंदी, आणि दोन्ही जुळतात तेथे एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यापर्यंतचे किमान अंतर. गल्ली ३ मीटर रुंद आणि खोली ६० मीटरपर्यंत असेल तर हे अंतर १२ मीटर. गल्ली ४.८ मीटर आणि खोली ९० ते १५० मीटर असेल तर २५.५ मीटर. ३६० मीटरहून खोल, तीच गल्ली, तर ४८ मीटर. ४.८ मीटर ही त्या तक्त्यातली सर्वांत रुंद गल्ली. उंचीची मर्यादा ३ मीटरची. खोली वाढली की खांब वाढतो, गल्ली वाढली की खांब वाढतो, हे तर्काला धरूनच आहे. दीडशे मीटर खोलीच्या त्या उदाहरणात खांब २०.७ मीटर बाजूचा येतो. अशा रीतीने खणल्यावर शंभर टनांपैकी सुमारे चौतीस टन गल्ल्यांतून मिळतात. सहासष्ट टन खांबांत राहतात. त्या खांबावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५७ किलो दाब येतो.

हा झाला भार. खांबाचे बळ किती, हा प्रश्न याहून कठीण आहे आणि त्याचे उत्तर माणसाला फार महागात मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथील खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी शेकडो खांब एकामागून एक कोसळले आणि ४३५ कामगार आत राहिले. तेथील खांब बारीक होते आणि काही भागांत वरचा कोळसाही उतरवून गल्ल्या उंच केल्या होत्या. खांब मोडतो तो एकटा मोडत नाही. त्याच्या डोक्यावरचा भार शेजाऱ्यांवर जातो. शेजारी आधीच वाकलेले असतील तर तेही जातात, आणि मग थांबावयाचे ठिकाण उरत नाही. त्या अपघातानंतर सॅलॅमन आणि मन्रो या दोघांनी एक साधा पण विलक्षण उद्योग केला. त्यांनी प्रयोगशाळेतल्या तुकड्यांवर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष खाणींची नोंद गोळा केली: उभ्या राहिलेल्या खांबांची ९८ उदाहरणे आणि कोसळलेल्यांची २७. त्यांवरून १९६७ साली त्यांनी खांबाच्या बळाचे सूत्र बसवले. बळाला भाराने भागून जो आकडा येतो तो सुरक्षा-गुणांक, तो १.६ असावा, असा त्यांच्या कामातून निघालेला मापदंड तिकडे रुळला.

आपल्याकडेही अशी उदाहरणे घडली. १९६८ साली वेस्ट चिरिमिरीच्या खाणीत खांबांचे काम अकाली कोसळून १४ माणसे गेली. धनबादला १९५६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेतील संशोधकांनी पुढे भारतीय खाणींतील उभ्या आणि पडलेल्या खांबांवरून आपले सूत्र तयार केले. ते आकड्यांत मांडून श्रोत्यांस शिणवण्याची आमची इच्छा नाही, पण त्याचे दोन भाग समजून घेण्यासारखे आहेत. पहिला भाग कोळशाच्या अंगच्या बळाचा. खांब जितका उंच तितका हा भाग कमी होतो, कारण उंच ठोकळ्यात चिरा अधिक सापडतात. दुसरा भाग आकाराचा, म्हणजे खांबाची रुंदी उंचीच्या किती पट आहे याचा. खरी मेख येथे आहे.

ज्वारीची रास जमिनीवर ओता. पाय ठेवला की ती पसरते. तीच ज्वारी पोत्यात भरून थप्पी लावा. खालचे पोते वरच्या दहा पोत्यांचा भार निमूट सोसते. दाणा तोच, त्याला बाजूने आवळणारे काहीतरी मिळाले, एवढाच फरक. रुंद खांबात बाहेरचा कोळसा आतल्या कोळशाला असेच आवळून धरतो. कडेचा मीटर-दोन मीटर भाग चिरला, सुटला, खाली गळला, तरी गाभा दाबला जाऊन अधिकच घट्ट होतो. उंच आणि बारीक खांबात गाभाच नसतो; सारे कडेचेच. म्हणून असा खांब कुरकुरत नाही, एकदम तुटतो. खांबाची रुंदी मोजताना तिच्याबरोबर उंचीही विचारली पाहिजे, हे एवढ्यासाठी.

इथपर्यंतचा हिशेब त्या खाणीचा, जिथे छिद्रे पाडून, सुरुंग लावून कोळसा फोडतात आणि मग तो टोपलीने किंवा लहान यंत्राने भरतात. विदर्भातील खाणींत टोपल्यांच्या जागी बाजूला रिते करणारी आणि उचलून नेणारी भरणीयंत्रे पुष्कळ ठिकाणी आली, परंतु फोडणे सुरुंगानेच राहिले. तेथे जुन्या तक्त्याचे जुन्या कामाशी जमते. प्रश्न उभा राहिला तो कंटिन्यूअस मायनर नावाचे यंत्र आले तेव्हा. या यंत्राच्या पुढे आडवा फिरता रूळ असतो, त्यावर पोलादी दात. ते कोळसा कातरत पुढे सरकते, खाली पडलेला माल आपणच गोळा करते आणि मागे उभ्या असलेल्या शटल कारमध्ये ओतते. सुरुंग नाही, धूर निवळण्याची वाट पाहणे नाही. भारतात ते प्रथम २००२ साली चिरिमिरीच्या अंजन हिल खाणीत लागले. त्यानंतर लवकरच नागपूरच्या कंपनीने आपल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या तानसी खाणीत ते उतरवले.

पन्नास टनांहून जड असे हे यंत्र, त्यामागे धावणाऱ्या गाड्या, त्यांना वळण्यास लागणारी जागा; ४.८ मीटरच्या गल्लीत हा संसार मावत नाही. म्हणून अशा कामात गल्ल्या ६ ते ६.६ मीटर रुंद ठेवतात, आणि त्यासाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. शिवाय थर जाड असेल तर यंत्र चार-साडेचार मीटर उंचीपर्यंत सहज कापते. आता आपले मघाचे उदाहरण पुन्हा हाती घेऊ. खोली तीच दीडशे मीटर, मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर तेच २५.५ मीटर, आणि कोळशाच्या लहान घनाचे बळ चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०० किलो धरू. ४.८ मीटरची गल्ली आणि ३ मीटर उंची असता खांबाचे बळ धनबादच्या सूत्राने सुमारे १५० किलो येते आणि भार ५७. म्हणजे बळ भाराच्या अडीचपटीहून जास्त. गल्ली ६.६ मीटरची केली की खांब १८.९ मीटरचा उरतो. भार वाढून ६८ होतो, बळ उतरून १४० च्या आसपास येते. गुणांक दोनवर आला. इथपर्यंत फारसे बिघडले नाही. दीर्घकाळ उभ्या राहावयाच्या खांबासाठी आपल्याकडे दोन हाच आकडा मानतात. आता गल्लीची उंची ३ ऐवजी ४.५ मीटर करा. भार तोच ६८, पण बळ थेट १०० पर्यंत खाली येते आणि गुणांक दीडच्याही खाली जातो. नकाशावर खांब तेवढाच दिसतो! वरून पाहणाऱ्याला त्याची एक रेघही हललेली दिसणार नाही. नकाशा लांबी-रुंदी दाखवतो, उंची दाखवत नाही, आणि कोलब्रुकला वरचा कोळसा उतरवला तेव्हा खांबांचे बळ असेच नकाशाला न कळता उतरले होते.

तेव्हा यंत्राच्या खाणीला जुना तक्ता आहे तसा लावून चालत नाही. खांब त्या खाणीसाठी, त्या थरासाठी, त्या उंचीसाठी मुद्दाम ठरवावा लागतो. यात यंत्राला दोष देण्यासारखे काही नाही. उलट एका बाबतीत यंत्र खांबाचे हितच करते. सुरुंगाच्या हादऱ्याने खांबाच्या प्रत्येक बाजूचा पाव ते तीन दशांश मीटर कोळसा आतून खिळखिळा होतो असे दक्षिण आफ्रिकेतील अनुभव सांगतो. कातरणाऱ्या यंत्रात ही हानी नाही. शिवाय माणूस उघड्या छताखाली कमी वेळ जातो. पण यंत्र जलद चालते, आणि जलद चालणाऱ्याची चूकही जलद पसरते. हाताच्या कामात खांब बारीक पडला तर कडा गळू लागताना दिसतात, सरदार आणि ओव्हरमन यांना थांबून विचार करण्यास आठवडे मिळतात. यंत्र तेवढ्या दिवसांत खांबांची रांगच्या रांग पाडून पुढे गेलेले असते.

आकाराची आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकावयास क्षुल्लक वाटते. शटल कारला काटकोनात वळणे जड जाते, म्हणून आडव्या गल्ल्या तिरप्या काढतात. मग खांब चौरस राहत नाही, तिरपा पडतो आणि त्याचे दोन कोपरे निमुळते होतात. निमुळता कोपरा हा खांबाचा कच्चा भाग. कोळसा तिथून आधी फुटतो आणि तिथेच गल्ल्यांच्या छेदामुळे छताचा पन्हा सर्वांत मोठा असतो. गणितात याची भरपाई करण्यासाठी खांबाच्या क्षेत्रफळाची चौपट करून तिला परिघाने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला खांबाची कामापुरती रुंदी समजतात. चौरसाला हा आकडा त्याच्या बाजूएवढाच येतो. तिरप्या खांबाला त्याच्या बाजूहून कमी.

खांबांच्या मोठ्या समुदायाभोवती एक जाड भिंत अखंड राखतात. एका कप्प्यात पडझड झाली तर ती पलीकडे जाऊ नये, आग लागली तर तेवढाच भाग बांधून बंद करता यावा, आणि पलीकडे पाणी साचले असेल तर ते आत येऊ नये, अशी तिची तीन कामे. चुरडलेला कोळसा हवेने आपोआप तापतो आणि पेटतो, हे विदर्भातल्या खाणकामगाराला सांगावे लागत नाही. पाण्याचे भय तर याहून मोठे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा भागातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे बुडाली; छिंदवाडा आणि नागपूर तेव्हा एकाच राज्यात होते. १९७५ च्या नोव्हेंबरात कामठीजवळच्या सिल्लेवाड्यात १० गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील चासनाळ्याचे नाव तर आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, तेथे ३७५.

आणि जमिनीवर राहणाऱ्यांचे काय? खाण बंद झाली, लोक निघून गेले, तरी खांब भार वाहतच असतो. त्याला सुट्टी नाही. पाण्याने, हवेने, काळाने तो झिजतो. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे अमराई वॉर्डात एक राहते घर भर वस्तीत जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आसपासची कुटुंबे तेथून हलवावी लागली. त्या वस्तीखाली पूर्वीच्या भुयारी खाणीचे काम होते. चंद्रपूर शहराच्या अंगाला लालपेठ, महाकाली, रय्यतवारी अशा खाणी आहेत. ज्या शहराखाली कोळसा निघाला आहे, त्याला आपल्या पायाखालच्या खांबांचे नकाशे घरपट्टीच्या कागदांइतके जपावे लागतात. अशा ठिकाणी एक उपाय म्हणजे काढलेल्या कोळशाच्या जागी नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून भराव करणे. कामठी क्षेत्रात तो केला गेला आहे. भरावाने खांबाला बाजूने टेकू मिळतो, आमच्या ज्वारीला पोते मिळाल्यासारखा. पण आज नदीच्या वाळूचे काय झाले आहे ते दुधनाकाठच्या माणसांना आम्ही सांगावे असे नाही.

आता उरला सर्वांत अवघड भाग. सहासष्ट टन खांबांत राहतात असे आम्ही मघाशी म्हटले. ते तसेच कायमचे सोडावयाचे नसतात. कप्प्याच्या शेवटापर्यंत गल्ल्या पोचल्या की यंत्र उलटे फिरते आणि मागे येत येत खांबच कापू लागते. कापलेल्या जागेचे छत मागे कोसळू देतात; त्या कोसळलेल्या भागाला गोफ म्हणतात. येथे हेतूच पालटतो. आतापर्यंत खांब पडू नये अशी इच्छा होती, आता तो पडावा अशी आहे, मात्र वेळेवर आणि आपल्या पाठीमागे. खांब मधोमध चिरतात, उरलेल्या फाकीतून तिरपे काप घेतात आणि कोपऱ्यात कोळशाचा एक लहान तुकडा मुद्दाम सोडतात. त्याला स्नूक म्हणतात. यंत्र बाहेर पडेपर्यंत त्याने छत तोलावे आणि यंत्र बाहेर पडले की चुरडून जावे, एवढेच त्याचे आयुष्य.

स्नूक फार लहान ठेवला तर छत यंत्रावर आणि माणसावर येते. फार मोठा ठेवला तर छत येतच नाही, आणि ही दुसरी चूक पहिलीइतकीच वाईट. विदर्भात कोळशावर पुष्कळ ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. कामठी गावावरूनच भूगर्भशास्त्रात त्याला हे नाव मिळाले. जाड वालुकाश्म सहज मोडत नाही. तो गोफावर सज्जासारखा लोंबत राहतो. त्या सज्जाचा सारा भार पुढच्या, अजून न कापलेल्या खांबांवर येतो, आणि तो एकदम कोसळला तर दबलेली हवा वादळासारखी गल्ल्यांतून सुटते. म्हणून पुढचे खांब आखताना केवळ डोक्यावरचा भार धरून भागत नाही. मागच्या सज्जाचा वाटाही धरावा लागतो. अमेरिकेत यूटा राज्यातील क्रँडल कॅनियन खाणीत ६ ऑगस्ट २००७ रोजी माघारीचे काम चालू असताना सहाशे मीटरांहून खोल असलेल्या मोठ्या भागातील खांब एकाच वेळी फुटले. सहा कामगार आत अडकले, आणि दहा दिवसांनी त्यांना काढू पाहणारे तिघे दगावले. यंत्र आधुनिक होते, खांबांचा हिशेब संगणकावर केलेला होता. चौकशीत तो आराखडाच सदोष ठरला. संगणक हिशेबात चुकत नाही, पण त्याला कोणते आकडे सांगायचे ते माणूस ठरवतो.

आपल्याकडे यंत्राच्या कपातीला परवानगी देण्यापूर्वी असे आराखडे तपासून घेतले जातात, आणि काम चालू असता खांबांच्या पोटात दाबमापक व छतात टेल-टेल नावाची निशाणे बसवतात. छताचा थर काही मिलिमीटर सुटला की ते निशाणावर कळते. जुने खाणकामगार लाकडी टेकूच्या कुरकुरीवरून छताचे मन ओळखत. टेकू बोलतो, असे ते म्हणत. पोलादी बोल्ट बोलत नाही, म्हणून निशाण पाहावे लागते. प्रत्येक पाळीला ते आकडे नोंदतात. आकडा रोज थोडाथोडा वाढत असेल तर काम चालू राहते. तो एकाएकी झपाट्याने वाढू लागला तर यंत्र मागे घेतात, माणसे मागे घेतात, आणि ठरलेला काप न घेता खांबाचा उरलेला भाग नकाशावर मांडून ठेवतात. तेवढा कोळसा तिथेच राहतो.